तुपाची वाटी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईतल्या निर्मळची संध्याकाळ लवकर उतरते. विमल सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याला तेव्हा खरी थंडीची धार असते, आणि वाड्यांमधल्या केळींची पानं त्या वाऱ्यात फडफडत राहतात. आमच्या घराच्या डावीउजवीकडे नाताळच्या चांदण्या लागतात, अंगणात गवताचा गोठा उभा राहतो, त्यात मातीची गाय, मातीची मेंढरं आणि मधोमध बाळ येशू. शेजारून क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट येतं. त्याला आमच्याकडे नाताळचा फराळच म्हणतात. त्यात कलकल असतात, नेवऱ्या असतात, केकचा जाड तुकडा असतो. दिवाळीला आमचं ताट तिकडे गेलेलं असतं, आता त्यांचं इकडे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे ताट रिकामं परत जाताना पाहिलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत या ताटात चॉकलेटं येऊ लागली. शेजारची मुलगी ती घरीच करते. गडद चॉकलेटची लादी वितळवते, साच्यात ओतते, सोनेरी कागदात गुंडाळते आणि नाताळात ऑर्डरी घेते. तिच्या खिडकीखालून जाताना तो वास येतो. कडू, जड, थोडासा भाजलेल्या मातीसारखा. मला तो वास फार आवडायचा. आता तो आला की माझा हात नकळत आमच्या कुत्रीच्या पाठीवर जातो.

तिचं नाव सुकेळी. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते, तेव्हा राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी विकायला येतात. तशाच एका दुकानाच्या फळीखाली ही सापडली. मूठभर पिल्लू, अंगाचा रंग नेमका त्या वाळल्या केळ्यासारखा, तांबूस तपकिरी. मुलाने तिला उचललं आणि नाव तिथेच ठरलं. ती देशी कुत्री, कान उभे, शेपूट वळलेली, वजन चौदा किलो. हे चौदा किलो मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या रात्रीची गोष्ट सांगते आहे, त्या रात्री हा आकडा मला ठाऊक होता म्हणून बरंच काही वाचलं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. आईंचं जेवण कधी पूर्ण ताटाचं नसतं. शेवटचा घास त्या बाजूला काढतात, उठून मागच्या दारी जातात आणि सुकेळीला देतात. मुक्या जिवाच्या मुखात घास पडल्याशिवाय आपलं अन्न अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी माझ्या मुलाला त्यांनी नामदेवांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस, थांब, तूप लावून देतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, धर्मराज आपल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल ठेवायला तयार होत नाही. आपल्याकडे कुत्र्यावर प्रेम करण्याची रीत अशी घासातूनच चालत आली आहे. मीही त्या रीतीतच वाढले, आणि ती मला आजही सुंदर वाटते.

त्या नाताळच्या दिवशी संध्याकाळी शेजारून डबा आला. सोळा चॉकलेटं, एकेक साधारण दहा ग्रॅमचं. आम्ही पाच खाल्ली. दोन आईंनी कागद सोडवून सुकेळीला भरवली. सणाचा दिवस, तिलाच का वगळायचं? डबा टीपॉयवर राहिला. रात्री नऊच्या सुमाराला आम्ही सगळे शेजारी गोठा बघायला गेलो, गप्पा लांबल्या, आणि सव्वादहाला परत आलो तर जमिनीवर सोनेरी कागदांचा सडा. डबा चाटून पुसून स्वच्छ. सुकेळी शेपूट हलवत दारात उभी. अगदी ठणठणीत.

ती ठणठणीत दिसणं, हाच यातला सगळ्यात मोठा धोका. आमच्या घरात त्या क्षणी कुणी घाबरलंच नाही. हे म्हणाले, गोड खाल्लंय, फार तर पोट बिघडेल. आई म्हणाल्या, परवासुद्धा एक तुकडा दिला होता, काही झालं नाही. दोघांचंही बोलणं मनापासूनचं होतं. मला मात्र कुठेतरी ऐकलेलं आठवत होतं, चॉकलेट कुत्र्याला चालत नाही. का चालत नाही, किती चालत नाही, त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

ते आता माहीत आहे.

कोकोच्या बीत थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं, चहाकॉफीतल्या कॅफीनचं सख्खं भावंड. कोकोच्या झाडाला थिओब्रोमा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलं. त्याचा अर्थ देवांचं अन्न. झाडाच्या नावावरूनच या द्रव्याचं नाव पडलं. आपल्या यकृतात ते भराभर फोडलं जातं. सहा ते दहा तासांत त्यातलं निम्मं शरीरातून संपतं. कुत्र्याचं यकृत तेच काम फार सावकाश करतं. निम्मं संपायलाच साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री नऊला पोटात गेलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचलाही अर्धं तिच्या रक्तात फिरत असणार. तेवढा सगळा वेळ ते हृदयाला पळवत राहतं, नसांना चेतवत राहतं. त्यातलं काही लघवीच्या पिशवीत उतरलं, तरी पिशवीच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतं.

आणि आईंचं म्हणणं खोटं नव्हतं. एका तुकड्याने काही होत नाही. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे दोनेक मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, गडद चॉकलेटमध्ये पाचाच्या आसपास, न गोड केलेल्या बेकिंग चॉकलेटमध्ये चौदा-पंधरा आणि कोको पावडरमध्ये वीसहून अधिक. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नसतंच. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे वीस मिलिग्रॅम गेलं की उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. चाळीस-पन्नासच्या घरात हृदयाचे ठोके बिघडतात. साठच्या पुढे झटके येऊ शकतात, आणि त्यातून मृत्यूही. म्हणून आमच्या चौदा किलोच्या सुकेळीला दुधाच्या चॉकलेटचा एक घास पचून गेला. तीन किलोच्या पॉमेरियनने तीस ग्रॅमची साधी कॅडबरी संपवली, तर तो बिचारा थेट वीसच्या रेषेवर येऊन उभा राहतो. कोको पावडर त्याला तीन ग्रॅम पुरे, जेमतेम चमचाभर. आधी काही झालं नाही, हे वाक्य म्हणूनच इतकं फसवं आहे. ज्या घरात कुत्र्याला एकदा चॉकलेट पचलं, त्या घरात दुसऱ्यांदा ते निर्धास्तपणे दिलं जातं, आणि तोवर घरात दुधाच्या चॉकलेटऐवजी गडद आलेलं असतं.

त्या रात्री यातला एकही आकडा माझ्यापाशी नव्हता. मी फक्त फोन उचलला. पहिल्या डॉक्टरांनी घेतला नाही, सणाची रात्र होती. दुसऱ्यांनी घेतला. त्यांनी घाबरवलं नाही, धीरही दिला नाही, नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं? दुधाचं की गडद? किती? कधी? वजन किती? मी सांगत गेले. कागद मोजा, म्हणाले. मुलगा गुडघ्यांवर बसून टीपॉयखालचे, कोचाखालचे कागद गोळा करत होता. नऊ निघाले. आईंच्या हातचे दोन मिळून अकरा. पलीकडे क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, म्हणजे पाचशे-साडेपाचशे मिलिग्रॅम, किलोमागे चाळीसच्या काठावर. लगेच घेऊन या, डबा आणि कागद सोबत आणा, आणि घरी काहीही देऊ नका.

हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, आणि बरं झालं. कारण तोवर स्वयंपाकघरात मिठाचं पाणी ढवळून तयार होतं. विष पोटात गेलं की मीठपाणी पाजून ओकवायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कुत्र्याच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. उलटी झाली नाही तर तेवढं मीठ रक्तात जातं आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो. दूध पाजूनही विष उतरत नाही. घशात बोटं घालणं, तेल पाजणं, काहीतरी ऐकून मनाने औषध देणं, यात फक्त वेळ जातो, आणि या प्रकारात पहिले दोन तास सोन्याच्या मोलाचे असतात. चॉकलेट पोटात असेपर्यंत बाहेर काढता येतं. एकदा पुढे सरकलं की मग शरीराशीच झुंज.

आई म्हणत होत्या, परळच्या बैलघोड्यात नेऊ या. त्यांच्या पिढीला जनावरांचा दवाखाना म्हटलं की तेवढं एकच नाव आठवतं. सर दिनशा पेटिटांनी पत्नीच्या नावाने उभं केलेलं बाई साकरबाईंचं ते रुग्णालय, आणि त्याच आवारात 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. माझ्या सासऱ्यांनी एकदा तिथे आजारी वासराची विचारपूस करायला गाडीने चक्कर मारली होती, ही या घरातली जुनी आठवण. पण निर्मळहून परळ रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या वर. मध्ये वसईची खाडी, आणि महामार्गाच्या पुलावर गाड्या कधी अडकतील त्याचा नेम नाही. वसई-विरारच्या माणसाला हे आजारी माणसाच्या बाबतीतही ठाऊक असतं. जवळ जे दार उघडं आहे, तिथे जायचं. रिक्षावाले दादा शेजारचेच, जेवणावरून उठून आले. मी सुकेळीला मांडीवर घेतलं. तिच्या तोंडाला तो कडू गोड दर्प येत होता आणि ती माझा हात चाटत होती.

सव्वाअकराला आम्ही पोचलो. डॉक्टरांनी औषध देऊन उलटी करवली. तपकिरी लगदा, त्यात सोनेरी कागदाचे दोन तुकडे, आणि खोलीभर शेजारच्या खिडकीतला तोच वास. मग कोळशाच्या भुकटीचं काळं पाणी पाजलं. आतड्यात उरलेलं विष तो कोळसा धरून ठेवतो. शिरेतून सलाइन सुरू झालं. नाडी मिनिटाला एकशेसत्तर. डॉक्टरांनी माझी बोटं धरून तिच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला ठेवली. तिथे ठोका हाताला लागतो. पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा, एवढं शिकवलं. मी आई होऊन गेलेली बाई, मुलाच्या तापात कितीदा त्याच्या छातीवर हात ठेवून जागले असेन. पण त्या लहानशा मांडीत धावणाऱ्या रक्ताचा तो वेग बोटांना लागला, तेव्हा माझे स्वतःचे हात थरथरू लागले.

दीड वाजता त्यांनी घरी पाठवलं. खोली शांत आणि अंधारी ठेवा, पाणी समोर असू द्या, दर दोन-तीन तासांनी लघवीला बाहेर न्या म्हणजे पिशवीतलं विष परत रक्तात जाणार नाही. अंग थरथरलं, पाय ताठले, तोल गेला, तर एक मिनिटही न थांबता परत या.

लक्षणं बहुतेक सहा ते बारा तासांत दिसतात. आमच्याकडे पहाटे तीनला दिसली. सुकेळी उठली आणि खोलीत गोल फिरू लागली. बसायची, उठायची, भिंतीकडे बघायची, धापा टाकायची. पंधरा सेकंदांत चव्वेचाळीस ठोके. डॉक्टरांना फोन केला. थरथर नाही ना, तोल जातोय का, असं विचारून त्यांनी अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला सांगितलं. मी तिला पट्टा लावून बाहेर घेऊन निघाले. रस्त्यावर कुणी नव्हतं. चर्चच्या बाजूला दिव्यांची माळ पेटलेली होती, घरांवरच्या चांदण्या वाऱ्यात हळूहळू फिरत होत्या, आणि शेजारच्या गोठ्यातली मातीची मेंढरं पिवळ्या बल्बखाली तशीच उभी होती. सुकेळी केळीच्या बुंध्याशी बसली. मला त्या क्षणी तिच्या लघवीच्या ओल्या डागाचं जे समाधान वाटलं, ते मी कुणाला सांगू? तेवढं विष बाहेर गेलं, एवढंच मनात होतं.

परत आले तर आई जाग्या होत्या. त्या रात्रभर झोपल्याच नव्हत्या. दाराला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते हातच दोषी आहेत. "मी माझ्या हातांनी भरवलं गं तिला," एवढंच म्हणाल्या. मी शेजारी बसले. त्यांची चूक नव्हती, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ज्या काळात त्या घास द्यायला शिकल्या, त्या काळात घरात भाकरी होती, भात होता, मासळीचं डोकं होतं. कुत्र्याला तूप सोसत नाही, एवढं त्या पिढीला माहीत होतं. चॉकलेट तेव्हा घरात कुठे होतं? घास देणारा हात तोच राहिला आणि ताटातले पदार्थ बदलत गेले. दिवाळीच्या डब्यात चकल्यांच्या जागी चॉकलेटची खोकी आली, वाढदिवसाला शिऱ्याच्या जागी चॉकलेट केक. मनुकांनी भरलेला नाताळचा केकही कुत्र्याला वर्ज्य आहे. द्राक्षं आणि मनुका त्याच्या मूत्रपिंडावर घाव घालतात, आणि त्यांच्या बाबतीत तर किती खाल्लं म्हणजे सुरक्षित, हेही सांगता येत नाही. मांजर या सगळ्यातून बऱ्याचदा वाचतं, कारण त्याच्या जिभेला गोडी कळतच नाही. कुत्र्याला कळते. म्हणून तो आपल्या ताटाकडे बघतो, आणि म्हणून आपल्याला राहवत नाही.

 

पहाटे साडेपाचला ठोके पस्तीसवर आले. म्हणजे मिनिटाला एकशेचाळीस. सुकेळी पहिल्यांदा आडवी झाली. चर्चची घंटा वाजली. आईंनी तुळशीला पाणी घातलं. दुपारी तिने थोडा मऊ भात खाल्ला, आणि संध्याकाळी मोजलं तर पंचवीस. शेजारची मुलगी दिवसभरात चार वेळा येऊन गेली, दर वेळी रडून. तिचाही काही दोष नव्हता.

सुकेळीला घर होतं, कागद मोजणारा मुलगा होता, मध्यरात्री फोन उचलणारे डॉक्टर होते. मला त्या दिवसापासून झोप लागत नाही ती रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विचाराने. आमच्या वसई-विरारमध्ये स्टेशनाबाहेर, सोसायट्यांच्या फाटकाशी, चौपाटीवर ती असतात. रात्री बाराला वाढदिवस साजरा होतो, पोरं एकमेकांच्या तोंडाला केक फासतात आणि उरलेला चॉकलेट केक प्रेमाने कुत्र्यांपुढे ठेवून घरी जातात. ते प्रेमच असतं, यात मला शंका नाही. पण त्या कुत्र्याने किती खाल्लं ते कुणी मोजत नाही, आणि पहाटे तीनला तो गोल फिरू लागतो तेव्हा रस्त्यावर कुणी नसतं. केक ठेवायचाच नाही. पोळी ठेवा, भात ठेवा, उकडलेलं अंडं ठेवा.

आईंनी घास देणं सोडलं नाही. मला तीच भीती होती, की त्या हात आखडून घेतील. आता त्या आधी विचारतात, हे तिला चालतं का गं? आणि कुणा पाहुण्याने खिशातून चॉकलेट काढून सुकेळीपुढे धरलं, तर त्र्याहत्तर वर्षांची ही बाई लगबगीने उठते आणि ते काढून घ्यायला धावते. मला त्या धावण्यात नामदेवच दिसतात.

यंदाच्या नाताळात क्रोशाच्या रुमालाखाली दोन डबे आले. मोठा आमचा, तो आला तसा वरच्या फळीवर गेला. लहान डब्यात बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस होतं, आणि झाकणावर मुलीने लिहिलं होतं, सुकेळीसाठी.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन डॉक्टरांचे नंबर आहेत, रात्री कोण फोन घेतं ते लिहिलेलं आहे, आणि खाली सुकेळीचं वजन. तुमच्याकडे कुत्रा असेल तर आज झोपण्याआधी त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा आणि उरेल तो आकडा डॉक्टरांच्या नंबरशेजारी लिहून ठेवा.